गाठी कशाने सुजल्या?

"मॅडम, कॅन्सर आहे ना? मग एका ओळीत लिहून द्या. बाकीचं मी बघतो."

फोनवर डॉ. शेख होते. भिवंडीतले जुने सर्जन. हात अतिशय साफ, बोलणं मोजकं. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून रोग कोणता ते सांगणारी डॉक्टर. भिवंडीत माझी छोटी लॅब होती. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट.

"कॅन्सर आहे," मी म्हटलं. "पण ते एका ओळीत मावणार नाही. तुम्ही लॅबवर या."

"सीटी बघितला ना तुम्ही? गाठी केवढ्या आहेत! केस हाथ से निकल गया है."

"गाठी बघितल्या. म्हणूनच या म्हणतेय."

पेशंटचं नाव गोपीनाथ. वय चव्वेचाळीस, गाव दिघाशी. भिवंडीत कापडाच्या एका कारखान्यात जॉबर होता. लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडला की तो दुरुस्त करून पुन्हा चालू करून द्यायचा, हे त्याचं काम. चार महिने पोटात कळा येत होत्या, वजन उतरलं होतं, रक्त कमी झालं होतं. दुर्बिणीने तपासल्यावर मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला ट्यूमर सापडला. त्याचे बारीक तुकडे माझ्याकडे आले होते.

सीटी स्कॅनमध्ये ट्यूमरच्या आसपासच्या लसिकाग्रंथी फुगलेल्या दिसत होत्या. लसिकाग्रंथी म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींच्या चौक्या. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती हीच गाठ. आतड्याचा कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा आधी या गाठींत शिरतो. त्यामुळे सीटीच्या रिपोर्टात सरळ लिहिलं होतं, की रोग गाठींमध्ये पसरलाय. गाठी मोठ्या रक्तवाहिनीला खेटून होत्या. डॉ. शेखांनी ठरवलं होतं, की ट्यूमरला हात लावायचा नाही, फक्त बायपास करायचा. म्हणजे ट्यूमर तसाच ठेवून अन्नाला पुढे जायला आतड्यात बाजूने वाट काढायची. पेशंटचे उरलेले महिने जरा सुखाचे जातात, इतकाच त्याचा उपयोग.

ते संध्याकाळी आले. मी स्लाइड लावून दिली.

"काय दिसतंय?"

"कॅन्सर. मी तेच म्हणत होतो."

"आणि त्याच्या मध्येमध्ये हे काळे ठिपके?"

"लिम्फोसाइट्स. बहुत हैं."

लिम्फोसाइट म्हणजे रोगाशी लढणारी पांढरी पेशी. ट्यूमरच्या आजूबाजूला त्या थोड्या असतातच. इथे त्या कॅन्सरच्या पेशींच्या रांगांमध्ये घुसल्या होत्या. इतकी गर्दी मी आतड्याच्या ट्यूमरमध्ये फार कमी वेळा बघितली होती.

"या माणसाचं शरीर जोरात लढतंय," मी म्हटलं. "त्या गाठी कॅन्सरने भरल्यात की लढून सुजल्यात, हे सीटीवरून कळत नाही."

"तुम्हाला कळतं?"

"नाही. मलाही गाठ बघितल्याशिवाय कळणार नाही."

त्यांनी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग म्हणाले, "फ्रोझन सेक्शन म्हणताय? भिवंडीत?"

फ्रोझन सेक्शनमध्ये ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून, त्याचा पातळ काप घेऊन बघतात. त्याचं मशीन भिवंडीत नव्हतं. पण दुसरा मार्ग होता. गाठ मधोमध कापायची, कापलेली बाजू काचेवर शिक्क्यासारखी दाबायची आणि चटकन चढणारा रंग देऊन तिथेच बघायची. दहा मिनिटांचं काम.

"मी मायक्रोस्कोप घेऊन तुमच्या ऑपरेशन थिएटरवर येते. गाठीत कॅन्सर निघाला तर तुमचा बायपास आहेच."

"और नहीं निकला तो?"

"तर पूर्ण ऑपरेशन करा. या माणसाला तो चान्स मिळायला हवा."

मी एक अट घातली. ऑपरेशन शुक्रवारी करायचं. त्यांच्या नर्सिंग होमच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. लूम चालू असले की टेबल थरथरतं आणि मायक्रोस्कोपमधल्या पेशी नाचायला लागतात. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, लूम बंद.

"जुम्मे को?" डॉ. शेख म्हणाले. "ठीक आहे. नऊला सुरू करू. नमाजच्या आत संपलं पाहिजे."

आम्ही दोघांनी ठरवलं खरं, पण पेशंटच तयार नव्हता.

गोपीनाथ आणि त्याची बायको सुमन दुसऱ्या दिवशी लॅबवर आले. तो खुर्चीत बसला आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, मना ऑपरेशन नको. माज्या मोठ्या भावाचा असाच जाला. पोट उघारला, बघितला न परत शिवला. दीड महिन्यात गेला तो."

"काय वय होतं भावाचं?"

"चालीस पुरा नव्हता."

"आणखी कोणाला झालाय घरात?"

तो सुमनकडे बघायला लागला. ती म्हणाली, "यांचा बापूस पोटाच्याच रोगान गेला. न आत्या गर्भपिशवीच्या कॅन्सरन. लोक बोलतान या घराला कुनाचा तरी शाप हाय."

मी पेन खाली ठेवलं. तरुण वयात आतड्याचा कॅन्सर, तोही उजव्या बाजूचा, घरात आणखी तिघांना आणि ट्यूमरमध्ये लिम्फोसाइट्सची गर्दी. ही सगळी एकाच आजाराची लक्षणं असू शकतात. तो वंशातून येतो.

"गोपीनाथ, लूमवर धागा तुटला तर काय होतं?"

"लूम थांबतो. कारागीर गाठ मारतो, परत चालू."

"आणि तुटलेला कोणी बघितलाच नाही तर?"

"फॉल्टचा कापड निघत राहील."

"शरीरात नवीन पेशी तयार होताना अशाच चुका होतात. त्या दुरुस्त करायची सोय आत असते. तुमच्या घरात ती सोयच जन्मापासून कमजोर असावी, असं मला वाटतंय. शाप वगैरे काही नाही. पण अशा कॅन्सरमध्ये इतके फॉल्ट असतात, की शरीराला तो लगेच परका वाटतो आणि ते त्याच्यावर तुटून पडतं. तुमच्या तुकड्यात मला ते दिसलंय. भावाच्या वेळी काय होतं ते मला माहीत नाही. तुमच्या वेळी गाठी तपासल्याशिवाय पोट शिवणार नाही, एवढं सांगू शकते."

"बरा होईन असा लिहून द्याल?"

"नाही."

तो थोडासा हसला. बहुतेक त्या 'नाही'मुळेच त्याचा माझ्यावर विश्वास बसला. सुमनच म्हणाली, "करा मॅडम. बघून तरी घ्या नीट."

शुक्रवारी सकाळी मी रिक्षातून, मांडीवर मायक्रोस्कोप घेऊन नर्सिंग होमला पोचले. आरसा असलेला जुना मायक्रोस्कोप मुद्दाम नेला होता. लाइट गेली तरी खिडकीच्या उजेडात चालतो. थिएटरच्या बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं.

पहिली गाठ आली. बोराएवढी. कापली, दाबली, रंगवली. नुसत्या लिम्फोसाइट्स.

"स्वच्छ," मी दारातून सांगितलं.

दुसरी त्याहून मोठी. तीही स्वच्छ.

तिसरी रक्तवाहिनीला खेटलेली, सगळ्यात मोठी. सगळं तिच्यावरच अडलं होतं. स्लाइडवर लहान पेशींच्या मध्ये मोठ्या पेशींचे दोन घोळके दिसले. सुजलेल्या गाठीच्या मध्यभागी लिम्फोसाइट्स तयार होत असतात, तेव्हा त्याही अशाच मोठ्या दिसतात. कॅन्सरच्याही मोठ्याच असतात.

"मॅडम?" आतून आवाज आला.

"थांबा. दुसऱ्या बाजूने कापते."

"कितना टाइम?"

"लागेल तेवढा."

दुसरा ठसा घेतला. तिसरा घेतला. कॅन्सरच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात. या सुट्या होत्या. पुन्हा पहिली स्लाइड बघितली. तिथेही घोळका वाटला तरी पेशी चिकटलेल्या नव्हत्या. मी उठून दारात गेले.

"स्वच्छ. काढा ट्यूमर."

डॉ. शेखांनी मान हलवली आणि पुढच्या अडीच तासांत उजव्या बाजूचं आतडं, ट्यूमर आणि सगळ्या गाठी एकसंध काढल्या. बाहेर आले तेव्हा नमाजला पंधरा मिनिटं होती.

पुढच्या आठवड्यात मी लॅबमध्ये सगळ्या गाठी नीट प्रक्रिया करून तपासल्या. चोवीस निघाल्या. मोठ्या सगळ्या स्वच्छ. पण चरबीत लपलेली एक, ज्वारीच्या दाण्याएवढी, तिच्यात कॅन्सर होता. सीटीत ती दिसलीच नव्हती आणि ऑपरेशनच्या वेळी माझ्याकडे यायचा प्रश्नच नव्हता. ती बाकीच्या गाठींबरोबर निघाली होती, म्हणून निभावलं.

मी डॉ. शेखांना फोन केला. ते म्हणाले, "बडी वाली साफ, छोटी में कॅन्सर. वा मॅडम."

ट्यूमरचा नमुना मी मुंबईला विशेष तपासणीसाठी पाठवला. चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांपैकी एक त्यात नव्हतंच. अंदाज बरोबर ठरला. अशा ट्यूमरवर केमोचं नेहमीचं औषध एकटं दिलं तर फारसा फायदा होत नाही, असं तेव्हा नुकतंच बोललं जायला लागलं होतं. मुंबईच्या कॅन्सरतज्ज्ञांनी एका गाठीत रोग होता म्हणून दोन औषधांची जोडी दिली. सहा महिने. गोपीनाथच्या बोटांना मुंग्या यायच्या, पाना धरवत नसे, पण कोर्स त्याने पुरा केला. शरीराच्या या लढाईलाच जोर देणारी औषधं आता आहेत. आमच्या हातात तेव्हा ती नव्हती.

त्याच्या धाकट्या बहिणीला, यमुनाला, आम्ही बोलावून घेतलं. ती वज्रेश्वरीला दिलेली. "मना काय बी होत न्हाय," म्हणत होती. सुमनने तिला हाताला धरून आणलं. दुर्बिणीत एक पॉलिप सापडला, म्हणजे आतड्यातला कोंब, जो पुढे कॅन्सर होऊ शकतो. तिथल्या तिथे काढला. ती त्याच दिवशी घरी गेली.

मी लॅब बंद केली तोपर्यंत गोपीनाथ दरवर्षी तपासणीला येत होता. कामावरही परत लागला होता.

रिपोर्टात गाठी मोठ्या आहेत असं लिहिलं असेल, तर आपल्याला त्यांचा आकार कळला, बाकी काही नाही. आत काय आहे ते कापून बघावं लागतं. आणि कापायचंच, तर लहानही सोडू नयेत.