शेजारणीचं दुखणं

आता काय सांगू तुम्हाला! आधी तो चहा खाली ठेवा, नाहीतर सांडेल. माणसाची फजिती होते, पण मी माझी स्वतःच्या पायानं चालत जाऊन, बाकावर नंबर लावून करून घेतली.

तेव्हा कवठे महांकाळात आमच्या अख्ख्या आळीत एकच फोन होता, आणि बाकीच्या बातम्यांना मी होते. कुणी आजारी पडलं की बिस्किटाचा पुडा घेऊन पहिली कोण पोचणार? मीच. पुडा द्यायचा, उशाशी बसायचं आणि काय झालं, कसं झालं, सगळं काढून घेऊनच उठायचं.

पण शेजारच्या शोभाला पुडा न्यावा तर दुखणंच नव्हतं! ताप नाही, खोकला नाही. पोर सव्वा वर्षाचं. धुणं धुताना गाणारी बाई, पण चार महिने गप्प. आणि महिन्यातल्या एका मंगळवारी सासूला 'बाजारात जाऊन येते' म्हणून जायची नि रिकामी पिशवी घेऊन परत यायची.

रिकामी पिशवी! आता मला राहवेल का, तुम्हीच सांगा!

पुढच्या खेपेला गेले की तिच्या मागं. शोभा शिरली मेडिकलच्या मागच्या खोलीत. दारावर पाटी. मी सातवी शिकलेय, अक्षर जुळवून वाचलं. सांगलीहून महिन्यातून एकदा मनाचे डॉक्टर यायचे, त्यांची पाटी! अर्ध्या तासानं शोभा डोळे पुसत निघून गेली. तिनं मला पाहिलं नाही. मी पाटीखाली तशीच उभी. नेमकं झालंय काय हिला?

कंपाउंडर म्हणाला, "नाव?"

"न्हाई, मी नुसतं इचारायला..."

"नावाशिवाय आत सोडत न्हाई."

दिलं नाव. बसले बाकावर. जरा वेळानं त्यानं पार रस्त्यापर्यंत जाईल अशी हाळी दिली, "सुमनआक्का! चला, मनाच्या डॉक्टरांकडं!" आणि तेव्हाच मेडिकलच्या काउंटरवर कोण उभं असावं? आमच्या आळीला दूध घालणारा तात्या!

डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. "काय त्रास होतोय?"

"मला न्हाई वो. माझ्या शेजारणीला."

डॉक्टर हसले. "बरं. शेजारणीला काय होतंय?"

"जेवत न्हाई. ताट तसंच राहतं तिचं."

"ते तुम्हाला कसं दिसतं?"

"मी जेवायला दारातच बसते ना. तिच्याकडं बघता बघता माझंबी ताट तसंच राहतं."

त्यांनी लिहून घेतलं.

"घरात कोण कोण?"

"तिच्या?"

"तुमच्या."

"मी आणि मालक. लेक होती, मंगल. दिवाळीनंतर आटपाडीला दिली. मालक काय बोलत न्हाईत. मग मी भिंतीला कान लावून बसते. तेवढीच सोबत..."

एवढं म्हणाले आणि काय झालं कुणास ठाऊक, ढसाढसा रडायलाच लागले. शोभाचं विचारायला गेलेली मी!

डॉक्टर म्हणाले, "आक्का, इथं येणारा जो तो शेजाऱ्याचंच दुखणं घेऊन येतो. लाजायचं काय त्यात? अंग कणकणतं तसं मनही कणकणतं."

"आवं, पण शेजारीण खरीच हाय!"

"असू दे की. पुढच्या महिन्यात दोघीही या."

मी घरी पोचायच्या आत तात्याची सायकल पोचली होती. दारात चपलांचा ढीग. कट्ट्यावर बिस्किटाचे अकरा पुडे! मालक त्यांच्याकडं बघत उभे. एक बाई माझे पाय चेपायला लागली, दुसरी कानाशी येऊन, "आक्का, भास व्हत्यात का वो?"

तेवढ्यात शोभाची सासू आली. अनसाबाई. त्यांचा आवाज चढला की आमची कोंबडीसुद्धा अंडं द्यायची थांबायची. मागं शोभा, हातात बारावा पुडा.

"व्हय गं सुमे, येड्याच्या डॉक्टरकडं गेलीवतीस म्हणं? कशापायी?"

शोभा पांढरीफटक. तिला कळलं होतं, मी तिथं कशी पोचले ते. एक वाक्य बोलले असते, तर मी सुटले असते आणि आणलेले पुडे परत गेले असते. ओठावर आलंच होतं हो! पण शोभाच्या मुठीत त्या पुड्याचा पार भुगा झालेला दिसला.

"व्हय," मी म्हणाले. "मलाच होतंय. मन कणकणतंय माझं."

जन्मात पहिल्यांदा मी कुणाची गोष्ट गिळली.

अनसाबाईंनी माझ्याकडं बघितलं, सुनेच्या मुठीतला भुगा बघितला. मग सुनेकडं वळल्या. "शोभे, आता दर महिन्याला तू हिच्यासंगं जायचं. एकटी कशी जाईल बिचारी? आणि डॉक्टर काय सांगतोय ते तू नीट ऐक. ही काय धड ऐकायची न्हाई."

शोभानं पदर तोंडाशी नेला. चार महिन्यांनी हसत होती पोरगी!

तेव्हापासून आम्ही जोडीनं जायला लागलो, येताना पिशवीत भाजीसुद्धा यायला लागली. पाच महिन्यांनी डॉक्टर शोभाला म्हणाले, आता नाही आलात तरी चालेल. ती धुणं धुताना पुन्हा गायला लागली होती.

मी म्हटलं, "बघा डॉक्टर, शेजारीण खरी होती का न्हाई?"

"होती की. ती बरी झाली. आता तुमचं बघू."

शोभा तरीही माझ्याबरोबर येत राहिली. बाहेर बाकावर बसायची आणि कंपाउंडरनं नाव विचारलं की म्हणायची, "मला काय न्हाई वो. शेजारणीला आणलंय."