लांबच्या नेमाचे हवालदार

मुरबाडच्या कचेरीत बंदुकांचे परवाने तपासायचा दिवस असला की धर्मा हवालदार सगळ्यांच्या आधी हजर व्हायचे. स्वतःचं हत्यार दाखवणं राहायचं बाजूला. आधी ते ओसरीत मांडलेल्या लोकांच्या बंदुकांची तोंडं एकेक करून भिंतीकडे वळवायचे. एकदा एक पाटील वैतागले, "अवो हवालदार, रिकामी हाय ती!"

"रिकामीच सुटते, पाटील. भरलेलीला समदीच जपतात," हवालदार म्हणाले आणि पुढची बंदूक वळवायला गेले.

हत्यारांची नोंदवही तेव्हा माझ्याकडे होती. मी तेवीस वर्षांचा, कल्याणहून नवीनच आलेला कारकून. दुसरी लढाई अजून दोनेक वर्षं लांब होती. पहिल्या लढाईत हवालदार बसऱ्याकडे पलटणीत नेमबाज होते आणि परत आल्यावर धसईजवळच्या गावात भातशेती करत होते. बुटके, काटक, उजवा खांदा किंचित उतरलेला. स्वतःची म्हणून पिकाच्या राखणीची एक ठासणीची बंदूक. पण शहापूरपासून मुरबाडपर्यंत ज्याच्या घरी चांगली रायफल, तो ती नेम बसवून घ्यायला यांच्याकडेच पाठवायचा.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनीच शिकवलं, तेही अंगणातल्या बाजेवर हत्यारं मांडून. "ही माझी ठासणीची. हाकेच्या आतलं काम हिचं. ही छऱ्याची दुनळी; लाव्हरं, ससा, बस्स. ही जाड गोळीची रायफल जवळ आलेलं मोठं जनावर जागच्या जागी थांबवते, पण लांब जाता जाता दमते." मग शेवटच्या रायफलीवरचं फडकं त्यांनी हळूच काढलं. लांब नळी, वर दुर्बीण. शहापूरच्या एका लाकडाच्या ठेकेदाराची होती. "ही पोचते. ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावर पोचते. पण भाऊसाहेब, पोचणं म्हंजे वळखणं नाय."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी भारावलो होतो तो त्यांच्या नेमाने. चैत्रात लोक भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजत होते, तेव्हा हवालदारांनी चारशे कदमांवर बांधाला एक पत्रावळ टेकवली आणि आडवे झाले. बराच वेळ ते पत्रावळीकडे पाहीनातच. राबाचा धूर बघत बसले. "हितं धूर सरळ वर जातोय, पण वढ्यापाशी वाकतोय बघा. गोळी तितं ढकलली जानार. आन् गोळी म्हंजे शेवटी भिरकावलेला धोंडाच, वाटंत खाली येतेच. म्हनून थोडं वर धरायचं, थोडं वाऱ्याच्या अंगाला." घोडा ओढायचा नाही, गाईचा सड पिळावा तसा हलकेच दाबायचा, हेही सांगितलं. पाच बार काढले. पत्रावळ आणून पाहिली तर पाचही भोकं माझ्या एका तळहाताखाली झाकली गेली. मी ती पत्रावळ घरी नेली. देवाच्या फोटोशेजारी ठेवणार होतो, पण बायकोने हसून फेकून दिली.

त्याच आषाढात एका रानडुकराने धसईकडच्या दोन माणसांना फाडलं. एक दगावला. डुक्कर रानाच्या कडेच्या शेतांत दिवसाढवळ्या उतरत होतं. कचेरीतून हुकूम निघाला, ठेकेदाराने रायफल दिली आणि कागद घेऊन मला हवालदारांबरोबर धाडलं. रानाकडच्या शेतात कोणी फिरकू नये म्हणून मी गावात दवंडी पिटवली होती. या व्यवस्थेचा मला बराच अभिमान होता.

दुपारी पावसाची झिमझिम होती. ओढ्याच्या अलीकडच्या टेकाडावर आम्ही पालथे पडलो. पलीकडे रानाला लागून एक चिंचोळं खाचर, त्याच्या बांधामागे काहीतरी हललं. रायफलीच्या दुर्बिणीतून आधी मी पाहिलं. बांधाच्या वर काळपट, राठ, ओलं कुबड. थांबत होतं, जरा सरकत होतं, पुन्हा खाली उकरत होतं. मी कुजबुजलो, "डुक्करच! मारा, हवालदार, रानात शिरेल!"

हवालदारांनी दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. श्वास थांबला. मी कानात बोटं घातली. बार होईना.

"भाऊसाहेब," ते गाल न हलवता म्हणाले, "ह्ये उलटं चालतंय."

"म्हणजे?"

"डुकर उकरत पुढं जातं. ह्ये मागं सरतंय. मागं मागं कोन सरतं?"

मला कळेना. मी शहरातला. त्यांनी घोड्यावरचं बोट काढलं, काडतूस बाहेर घेतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "आवनी करनारा मानूस."

तेवढ्यात कुबड उभं राहिलं. पाठीवरचं पानांचं इरलं मागे सरलं आणि खालून एक म्हातारी निघाली. तिने कंबर ताणली, भाताच्या रोपांची दुसरी मूठ उचलली आणि लावायला पुन्हा वाकली.

दवंडी गावात पिटली होती. रानालगतच्या वरच्या पाड्यावर, जिथली ही म्हातारी होती, माणूस पाठवायला मी विसरलो होतो. ती बाई माझ्या विसरण्याने मरणार होती आणि वर मीच "मारा" म्हणालो होतो. हवालदारांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "चला, तिच्यापत्तुर जाऊ." ओढा ओलांडून जायला आम्हाला बराच वेळ लागला. गोळीला कितीसा लागला असता, हे मी मनात आणू नये म्हणून धडपडत होतो.

म्हातारीचं नाव चिमाबाई; विधवा, एकटी. रोपं वाढून चालली होती, म्हणून थांबली नव्हती. आम्हाला पाहून तिनेच झाडलं, "काय रं हवालदारदादा, येवढी मोठी बंदूक आन् एक डुकर घावना तुमाला? आलाच हाव तर मूठ धरा, हात लावा."

हवालदारांनी रायफल बांधावर फडक्यात ठेवली आणि चिखलात उतरले. मीही धोतर खोचून उतरलो. आम्ही तिघं मागे मागे सरकत ते खाचर लावून काढलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पावसामुळे कोणाला दिसलं नाही. खरं काय घडलं, ते तिला दोघांनीही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी डुक्कर घळीत सापडलं. हवालदारांनी ते आपल्या ठासणीच्या बंदुकीने, दहा कदमांवरून, नीट पाहून मारलं. आज ते नाहीत. मोठमोठे शिकारी मी पुढे पाहिले, पण न काढलेल्या त्या बाराइतका थोर बार मी पाहिला नाही.

त्या दिवाळीला हवालदार कचेरीत आले. धडप्यात बांधलेले नव्या भाताचे पोहे माझ्या टेबलावर ठेवले. "चिमाबायनं धाडल्यात. म्हनते, सायबानं माझी आवनी केली."

मी धडपं सोडलं, मूठभर पोहे घेतले आणि हात तसाच थांबला. तोंडाशी नेववेना.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "खा, भाऊसाहेब," ते म्हणाले. "जित्या मानसानं दिल्यात."