चार वर्षांच्या पोरीशी अबोला

माझी थोरली मुलगी चार वर्षांची होईपर्यंत मला ‘वहिनी’ म्हणायची. सेलूच्या घरात दोन्ही धाकटे दीर मला वहिनी म्हणत, तेच तिनं उचललं. आई म्हणायची ती थोरल्या जाऊबाईंना, कारण त्यांची पोरं त्यांना आई म्हणत. सासऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू मांडीवर घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मी पोळ्या लाटायची आणि पोरगी जाऊबाईंच्या ताटात जेवायची. यात वावगं कुणालाच वाटत नव्हतं. वाटलं फक्त मला, कारण मी मॅट्रिक होते!

त्यात एका मासिकातला मुलांच्या मनाबद्दलचा लेख वाचलेला. मग काय, विदुषीच! एवढ्या माणसांत लेकराच्या मनाचा गोंधळ होतो, असं नवऱ्याच्या कानाशी रोज घोकलं आणि आणीबाणी उठली त्या वर्षी पिपरी मेघे या गावी वेगळ्या दोन खोल्या घ्यायला लावल्या.

तिथं मी नियम काढला: आई म्हटल्याशिवाय ओ द्यायची नाही. लेखात असलं काही नव्हतं, ही अक्कल माझ्या घरची. पोरगी ‘वहिनी, वहिनी’ करत मागंमागं फिरे आणि मी बहिरी. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारणंच सोडलं. शेजारच्या काकूंकडे जाऊन म्हणाली, “वहिनीले सांगा ना, मले तहान लागली.”

काकू पाण्याचा गडू घेऊन दारात. “काऊन वं, घरात पानी नाई का?”

तरी माझं नाक वरच.

आठवड्यानं जाऊबाई मळ्यातली वांगी घेऊन एसटीनं आल्या. पोरगी त्यांना बिलगली ती सुटेना. मी डोळ्याला पदर लावून गाऱ्हाणं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या.

“येवढी शिकली तू, अन् चार वर्साच्या पोरीसंग अबोला धरून राह्यली? मले सांगतलं असतं त मीच शिकवलं असतं.” मग तिला म्हणाल्या, “हिले आई म्हनजो, बरं का.”

“बरं,” पोरगी म्हणाली. एवढंच. माझी सगळी विद्वत्ता तिथं आडवी झाली.

तरी मी मूर्ख, हाक कधी येते म्हणून कान टवकारून बसले. जाऊबाई निघायला उठल्या तशी ती माझ्याजवळ आली, गुडघ्यावर हात ठेवला.

“आई, मी आईसंग घरी जाऊ?”

मी तिचे फ्रॉक पिशवीत भरले.