चाचांचे उन्हाळे

ऑगस्टमधला एक रविवार, सकाळचे सव्वाअकरा. बाहेर सेहेचाळीस अंश, गाडीवरच्या पेटीत बावीस. हजर तिघे: मी, आमचा फोरमन, आणि कुत्र्याच्या पिंजऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला एक साठीकडे झुकलेला माणूस.

झोपलेले ते चाचा. श्रीवर्धनच्या अलीकडे त्यांचं गाव. एका शेखांची शिकारी कुत्री उन्हाळ्यात इकडून तिकडे न्यायची, हे त्यांचं काम. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना मागे ‘कुत्रेवाले चाचा’ म्हणत आणि समोर नुसतं चाचा. मी सौदीतल्या दम्मामच्या ज्या कंपनीत काम करतो ती वातानुकूलित पेट्या बनवून पिकअपवर बसवते. दूध, औषधं, फुलं यांच्या पेट्या मी शेकड्यांनी केल्या होत्या. कुत्र्यांची ही पहिलीच. पाच पिंजरे, छताला थंड हवेचं तोंड, आणि ड्रायव्हरला दिसेल असा तापमानाचा आकडा. चाचा गाडी ताब्यात घ्यायला आले ते सही करायच्या आधी चपला काढून सरळ मागच्या पिंजऱ्यात शिरले आणि म्हणाले, “दार लावा. इंजिन चालू ठेवा.”

वीस मिनिटांनी बाहेर आले. मी विचारलं, “कसं वाटलं?”

“डोक्याला थंडी हाय. पाठीला नाय.”

“तुमचं वय झालं, चाचा. पाठ अशीच बोलते.”

ते हसले आणि सही केली. त्यांचं वाक्य मी कुठेही टिपून ठेवलं नाही. आकडे मात्र टिपले होते.

ही कुत्री सलुकी जातीची. उंच, किडकिडीत, लांब कानांची. हरणामागे धावायला जन्मलेली, पण बंद गाडीत पंधरा मिनिटं ऊन लागलं तरी जीव सोडतील अशी. कुत्र्याला घाम येत नाही, तो जिभेवाटे गार होतो, आणि भोवतालची हवाच तापली की जीभ बाहेर काढूनही उपयोग नसतो, हे मला चाचांनी सांगितलं. घरी सांगितल्यावर शेजारच्या खोबर शहरातल्या भारतीय शाळेत आठवीला असलेली माझी मुलगी म्हणाली, “बाबा, डॉग्जना एसी आणि आपल्या किचनला नाही?” तिच्या आईने पोळी जरा जोरात उलटली.

चाचांची जुनी पद्धत मी कुतूहलाने विचारून घेतली, कारण ती माझ्या यंत्राहून किती कमी पडते ते मला मोजायचं होतं. साधी जाळीची गाडी. असरची, म्हणजे उतरत्या दुपारची, नमाज झाली की निघायचं आणि सूर्य वर यायच्या आत थांबायचं. खोबरहून देशाच्या दुसऱ्या टोकाचं तबूक म्हणजे तीन रात्री. जाळीला बाहेरून गोणपाटं बांधायची आणि ती भिजवत राहायचं. धावत्या गाडीचा वारा ओल्या गोणपाटातून आत येतो तो गार होऊन येतो. दर तासाला गाडी थांबवायची आणि प्रत्येक कुत्र्याच्या पिंजऱ्याच्या तळाला हात लावायचा.

“बर्फ का नाही ठेवत?” मी विचारलं.

चाचा तरुणपणी गावाकडे मासेमारीच्या लाँचवर होते. म्हणाले, “साहेब, मासळीला बर्फ लागतो. जिवाला नाय. तापलेल्या कुत्र्याला बर्फ लावलात की कातडी दार बंद करते. आतली आग आतच राहते.”

गोणपाटं जाळीच्या बाहेर बांधायची, आत अंथरायची नाहीत, यालाही कारण होतं. “आमी शाफई,” ते म्हणाले, म्हणजे कोकणी मुसलमान पाळतात त्या परंपरेचे. “सुकं कुत्रं सुक्या हाताला लागलं तर काय नाय. ओलं लागलं की सात पाणी धुवायचं. त्यातलं एक मातीचं.” म्हणून गाडीत वीस वीस लिटरचे तीन कॅन असत. एक माणसांचा, एक कुत्र्यांचा, आणि तिसरा नमाजेआधी हात-कपडे धुण्याचा, ज्याच्या शेजारी झाकणाच्या डब्यात चाळलेली माती. तिसऱ्या कॅनला कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. मी एकदा पाना धुवायला त्यातून मगभर पाणी घेतलं, तर कॅन माझ्या हातातून काढून घेत म्हणाले, “तो सोडून कायपण घ्या. माझी खिचडी घ्या.”

कुत्र्यांशी ते दोन भाषांत बोलत. हुकूम अरबीत आणि लाड कोकणीत. पाचांमध्ये रीम नावाची सात वर्षांची कुत्री शेखांची सगळ्यांत चांगली शिकारी होती. तिला चाचा ‘बाय’ म्हणत. “बाय, पाय दे. बाय, खाल्लंस नाय कसं?” मी म्हटलं, तिला कोकणी कळतं का? “माझ्या पोरांपेक्षा बरं कळतं,” ते म्हणाले. “ती उलट इंग्लिश नाय बोलत.”

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सारखं येई: “एवढे उन्हाळे केले, रस्त्यात एक कुत्रं गेलं नाय.” त्या वर्षी तो आकडा एकोणीस होणार होता आणि तोच शेवटचा. कुत्री शेखांच्या तबूकच्या फार्मवर पोचवायची आणि तिसऱ्या दिवशी फायनल एक्झिटवर, म्हणजे नोकरी कायमची सोडून, घरी. तिकीट काढलेलं होतं. शेवटचा उन्हाळा सुखरूप पार पाडणं एवढंच त्यांचं उरलं होतं, आणि त्याच फेरीला त्यांच्याबरोबर माझं यंत्र आलं.

दिवसा निघायचं मी ठरवलं. शेखांसमोर मी आकडे मांडले होते: बाहेर पन्नास अंश असले तरी पेटीत बावीस राहतील, तीन रात्रींऐवजी दीड दिवस लागेल. शेख खूश झाले आणि चाचांना म्हणाले, मुहंदिस सांगेल तसं कर. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, म्हणजे मी. चाचणीसाठी कंपनीने मलाच बरोबर पाठवलं.

सकाळी सहाला खोबर सोडलं. दोन तासांनी पहिल्यांदा थांबलो, चाचांनी दार उघडलं, सगळं ठीक होतं. मी त्यांना समजावलं, की दार एकदा उघडलं की पेटी चार अंशांनी तापते आणि परत गार व्हायला अकरा मिनिटं जातात. समोर आकडा दिसतोय, मग उघडायचं कशाला?

“हात लावल्याशिवाय कसं कळेल?”

“बावीस दिसतंय ना, चाचा.”

“दिसतंय खरं,” ते म्हणाले आणि गिअर टाकला. रियाधच्या बाहेर डिझेल भरताना ते उतरून पेटीच्या दाराशी उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं. मी काचेतून बोटांनी दोनदा दोन दाखवले. ते परत येऊन बसले. आजही मला तो हात आठवतो, माझा.

रियाध मागे टाकून दीडशे किलोमीटर झाल्यावर, साडेअकराच्या सुमाराला, चाचांनी काही न विचारता गाडी कडेला घेतली. मी आकड्याकडे बोट करणार तोवर ते उतरलेही होते. मी मागे पोचलो तेव्हा ते अर्धे पिंजऱ्यात होते.

“बाय. बाय, ऊठ.”

रीम आडवी पडली होती. जीभ बाहेर, काळपट लाल. पोट भात्यासारखं हलत होतं आणि डोळे उघडे असून कुठेच पाहत नव्हते. तिच्या पिंजऱ्याच्या तळाला मी हात टेकला आणि झटकन उचलला. खिशातलं थर्मामीटर तिथे धरलं. एकेचाळीस. उभं राहून छताशी धरलं. बावीस.

चूक काय झाली ते मला उभ्या उभ्याच कळलं. ऊन वरून येतं म्हणून मी छताला आणि भिंतींना उष्णता अडवणारा जाड थर दिला होता. कुत्र्यांना उंची मिळावी म्हणून तळाचा थर वगळला होता. खालून रस्ता तापत होता आणि मागच्या पिंजऱ्याखालून सायलेन्सर जात होता. पिंजऱ्यांना गुडघाभर उंचीच्या बंद फळ्या, त्यामुळे वरची गार हवा वरूनच फिरून जात होती. वर्कशॉपमध्ये गाडी सावलीत उभी होती, म्हणून तिथे फक्त एका पाठीला कळलं. आणि तापमान मोजायची सुई मी माझ्या डोक्याच्या उंचीवर बसवली होती. फुलांच्या पेटीत ती तिथेच बसवतात. फुलं फळीवर असतात. कुत्रं तळावर झोपतं.

“पाणी,” चाचा म्हणाले.

त्यांनी रीमला उचलून गाडीच्या सावलीत ठेवलं. कुत्र्यांचा कॅन तिच्या पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर आणि कानांवर ओतायला लावला. मी टॉवेल भिजवून तिच्यावर पांघरला, तर त्यांनी तो ओढून काढला. “झाकू नका. वारा लागू दे. पुठ्ठा घ्या, हलवा.” मी पुठ्ठ्याने वारा घालत राहिलो. पहिला कॅन संपला. बाकीच्या चार कुत्र्यांना पाजण्यात आणि त्यांचे पाय भिजवण्यात माणसांचाही संपला. रीमने अजून मान उचलली नव्हती.

मी तिसऱ्या कॅनकडे पाहिलं. ते म्हणाले, “बघता काय? ओता.”

ते तिला मांडीवर घेऊन बसले होते. सदरा, बाह्या, दाढी, सगळं कुत्र्याच्या पाण्याने ओलं. तिसरा कॅन निम्मा झाला तेव्हा तिने जीभ आत घेतली. मग चाचांच्या मनगटाला चाटलं.

पुढे चाळीस किलोमीटरवर पेट्रोल पंप होता. केबिनमध्ये गारवा होता, म्हणून रीम आणि आणखी दोन कुत्री पुढे घेतली. उरलेल्या दोघांना सायलेन्सरपासून लांबच्या पिंजऱ्यांत, गाडीतल्या सगळ्या चटया आणि माझी बॅग तळाशी अंथरून ठेवलं. मागे त्यांच्याजवळ मी बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. पुढे जागाही नव्हती. तळावर बसून मी दर पाच मिनिटांनी थर्मामीटर बघत होतो: सदतीस, अडतीस, अडतीस. छताकडे मान वर केली की चेहऱ्याला छान गार लागायचं.

पंपावर चाचा मशिदीच्या नळाशी गेले. पंपाच्या मागची माती घेऊन त्यांनी हात, दाढी, सदरा सात वेळा धुतला. मी रीमजवळ बसून मोजत होतो. परत आल्यावर मी म्हणालो, “चाचा, जीव वाचवला तुम्ही. त्यानंतरही एवढं लागतं?”

“तिचं तिला दिलं,” ते म्हणाले आणि मशिदीकडे हात केला. “याचं याला.”

मग त्यांनी शेखांना फोन लावला. माझी अरबी ‘खलास’ आणि ‘यल्ला’ एवढ्यापुरतीच, त्यामुळे काही कळलं नाही. फोन ठेवल्यावर विचारलं, “काय सांगितलंत?”

“सांगितलं, दिवस गरम होता.”

“आणि माझं?”

“दिवस काय तुमी गरम केलात?”

वाटेतल्या बुरैदा शहरात जनावरांच्या डॉक्टरने रीमला सलाइन लावलं. ती जगेल, पण मूत्रपिंडाला मार बसलाय, तीन आठवडे रोज पाणी मोजून पाजा आणि लक्ष ठेवा, असं सांगितलं. पुढचा सगळा प्रवास रात्री, गोणपाटं बांधून केला. मी परत येऊन कंपनीला अहवाल दिला. त्यात तळाचा थर, सुईची जागा, दिवसा निघायचा निर्णय आणि दार न उघडण्याचा आग्रह, चारही माझ्या नावावर लिहिले. त्याची एक प्रत शेखांच्या कचेरीतही पाठवली. त्यांच्याकडून एवढाच निरोप आला, की इंजिनिअरने स्वतः येऊन तळ दुरुस्त करावा.

चाचा तिसऱ्या दिवशी गेले नाहीत. रीमला पाणी मोजून पाजायला दुसऱ्या कोणावर त्यांचा भरवसा नव्हता. घरून फोन आला तो त्यांनीच मला हसत सांगितला. चाची म्हणाल्या होत्या, “एवढे वर्ष राहिलाव ते राहिलाव. आता कुत्रीचं बाळंतपण करून या.”

बावीस दिवसांनी मी तळाचं सामान घेऊन तबूकला गेलो. रीम अंगणात चालत होती. पळणं मात्र संपलं होतं, शिकारीच्या यादीतून तिचं नाव काढलं होतं. शेखांनी तिला फार्मवरच ठेवायचं ठरवलं होतं. दोन दिवस मी तळ बसवत होतो आणि चाचा शेजारी बसून नव्या ड्रायव्हरला शिकवत होते. नव्या ड्रायव्हरने त्यांना विचारलं, “चाचा, किती उन्हाळे केलेत असे?”

“अठरा,” चाचा म्हणाले.

मी पाना खाली ठेवला. “एकोणीस, चाचा. ती जगली.”

“जगली ती तिच्या नशिबानं. मी दार उघडलं नाय. मना उघडायचं होतं, आणि मी उघडलं नाय.”

“ते माझ्यामुळे.”

“तुमचा हिशोब तुमी लिवलात. माझा मना लिवू द्या.”

मी बराच वाद घातला. आकड्यांच्या बाबतीत मी सहसा हरत नाही. ते रीमच्या पाण्याचं भांडं भरत राहिले, खुणेच्या रेघेपर्यंत, आणि अठराचे एकोणीस काही केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते गेले. चुकलेल्या तिकिटाची तारीख बदलायचे दोनशे ऐंशी रियाल झाले होते. ते मी आदल्या संध्याकाळी तबूकमधल्या तिकीट एजंटाला भरले. चाचांनी विमानतळावर ते पैसे माझ्या खिशात घालायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, हे माझ्या हिशोबातले आहेत. त्यांनी पैसे परत आपल्या खिशात ठेवले.