पेटीत किती?

मिलवॉकीच्या किराणा गोदामात डोलोरेस कुबियाक बारा वर्षं एकच काम करत होती. सूपवाल्यांच्या, साबणवाल्यांच्या कॉम्प्युटरमधून निघालेला कागद वाचायचा आणि तोच मजकूर आपल्या कॉम्प्युटरमध्ये पुन्हा टाइप करायचा. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणून हाताखाली सहा बायका.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात शाळांसाठी टोमॅटो सूपच्या चारशे पेट्या मागवल्या. गोदामाच्या लेखी पेटी म्हणजे अठ्ठेचाळीस डबे, कंपनीच्या लेखी चोवीस. निम्मंच सूप आलं. डोलोरेसनं एकेका शाळेला फोन करून माफी मागितली. चूक तिची नव्हती, पण कंपनीच्या यादीतली पेटी तशीच टाइप तिनंच केली होती.

त्याच वर्षी वसंतात मोठ्या कंपन्यांनी शिकागोत समिती नेमली. सगळ्यांच्या कॉम्प्युटरना एकच मांडणी कळावी, असं ठरत होतं. गोदामाच्या साहेबांना जायचा कंटाळा, म्हणून त्यांनी डोलोरेसला धाडलं. तिथे तीस पुरुष आणि ती एकटी. अध्यक्ष व्हर्नन थॅक्स्टर सूप कंपनीचा. त्यानं मांडणीतले रकाने वाचून दाखवले, तेव्हा तिनं हात वर केला.

"आणि पेटीत किती, ते कुठे लिहायचं?"

"बाई, ते ज्याचं त्याला माहीत असतं."

"माहीत असतं म्हणूनच तर घोळ होतो."

लोक हसले. एका रकान्यापायी सगळी यंत्रणा बदलायची कुणाची तयारी नव्हती. मतदानात ती हरली. पुढच्या बैठकीतही हरली. पण परत आल्यावर चुकलेल्या पेट्यांचा एकेक कागद ती जपून ठेवू लागली.

शेजारच्या टेबलावरच्या गर्टीला हे खपेना. ती म्हणाली, "कॉम्प्युटर आपापसात बोलायला लागले, की आपल्याला कोण विचारतंय? आपल्याच पोटावर पाय आणतेयस तू."

दुसऱ्या दिवशी डोलोरेस साहेबांकडे गेली. एकाही बाईला काढणार नाही, पुरवठादारांच्या चुका निस्तरायचं काम त्यांना देऊ, असं लिहून द्या, नाहीतर शिकागोला दुसरं कुणी पाठवा, असं तिनं सांगितलं. साहेबांनी तीन आठवडे टोलवाटोलवी केली आणि शेवटी सही दिली.

पाचव्या बैठकीत तिनं दोनशे अकरा कागद कंपनीवार लावून टेबलावर मांडले आणि ज्याचे त्यानं मोठ्यानं वाचावेत, अशी विनंती केली. थॅक्स्टरच्या वाट्याला सदतीस आले. चार वाचून त्यानं चष्मा काढला.

"पुरे. टाका तो रकाना."

दोघंच विरोधात गेले.

वर्षभरानं पहिली मागणी एका कॉम्प्युटरमधून थेट दुसऱ्यात गेली. साती जणी उभ्या राहून बघत होत्या. कुणाचा हात कीबोर्डला लागला नाही. पाच जणी नव्या कामात रुळल्या. गर्टीला मात्र दिवसभर पुरवठादारांशी फोनवर बोलणं जमलं नाही. तिनं वर्षाच्या आत निवृत्ती घेतली आणि डोलोरेसशी बोलणं टाकलं. डोलोरेसला ते फार लागलं. पण समितीची एकही बैठक तिनं चुकवली नाही. पुढची चार वर्षं ती पेटीच्या वजनाच्या रकान्यासाठी भांडत राहिली.