बाजूच्या खोलीचं माप

बेथेस्डाच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना जेवण वाढलेल्या मॉर्विद प्रिचर्डला एकच मूल होतं. नेस्ता जन्मली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, डाऊन सिंड्रोम आहे, फार अपेक्षा ठेवू नका. मॉर्विदनं मान डोलावली, घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून अपेक्षा ठेवायला लागली. त्यातल्या काही फळल्या, काही नाही. नेस्ता चालायला उशिरा शिकली, वाचायला जेमतेम शिकली. पण घरात कुणाचंही खोटं तिच्यापुढं टिकायचं नाही.

नवरा इद्वाल खाणीत पाटीचा दगड कापायचा. नेस्ता बारा वर्षांची असताना त्यानं मोटारीमागं ओढायची एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच, घेतली, आणि तेव्हापासून दर उन्हाळा नेव्हिनजवळच्या एका शेतात, समुद्राच्या वरच्या अंगाला जायला लागला. कॅरॅव्हॅनच्या कुशीला पूर्ण लांबीचा कापडी तंबू लागायचा. त्याला ते ऑनिंग म्हणत. त्याच्या कडेला झोपण्यापुरती एक खोली जोडलेली. ती नेस्ताची. चेन आतून ओढून घेतली की तिथं आईबापालाही हाक मारल्याशिवाय प्रवेश नव्हता.

ऑनिंगसाठी कॅरॅव्हॅनचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा इद्वालनं दोरीचं एक टोक नेस्ताच्या बुटाखाली दिलं होतं. जमिनीपासून वर, ऑनिंग ज्यात ओवतात त्या छताच्या कडेच्या खाचेतून पलीकडं आणि परत खाली जमिनीपर्यंत. नऊशे पंच्याहत्तर सेंटीमीटर. घरचा फोन नंबर नेस्ताला कधी पाठ झाला नाही, पण हा आकडा झोपेतून उठवलं तरी ती सांगायची. कॅरॅव्हॅन बदलली तीही इद्वालनं त्याच मापाची शोधून आणली.

इद्वाल गेल्यावर मायलेकी दोघीच जायला लागल्या. नऊ वर्षं निभावलं. दहाव्या वर्षी, मॉर्विद शहात्तरची असताना, ऑनिंग उभारताना वारा सुटला. "खांब धर, आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस," असं लेकीला बजावून ती दोरी ताणायला वाकली आणि छातीत कळ येऊन तिथंच आडवी झाली.

नेस्तानं खांब सोडला नाही. आई गवतावर पडलेली, आणि ही दोन्ही हातांनी खांब धरून हाका मारत उभी. वाऱ्यात हाका कुणाला ऐकू जाणार? पाऊण तासानं शेजारच्या तंबूतली मेना पाणी भरायला निघाली तेव्हा तिला दिसलं. धावत येऊन ती म्हणाली, "अगं, पळत यायचंस ना माझ्याकडं!"

"आईनं सोड म्हटलं नाही," नेस्ता म्हणाली. तिच्या तळहातांची सालं निघाली होती.

मॉर्विद वाचली. पण इस्पितळात पडल्या पडल्या तिनं जे ठरवलं ते चव्वेचाळीस वर्षं तिनं मनाला शिवू दिलं नव्हतं. पोर्थमॅडॉगला एक घर होतं. नेस्तासारखी चार माणसं तिथं राहत आणि मदतीला दिवसरात्र कुणीतरी असे. त्यातली एक खोली पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात रिकामी होणार होती. मॉर्विदनं सही केली. नेस्ताला मात्र सांगितलं नाही. नाताळ होऊ दे, मग ईस्टर होऊ दे, असं करता करता मे उजाडला.

जुनं ऑनिंग आता तिला उचलवत नव्हतं. म्हणून एका शनिवारी दोघी आबेर्गेलेजवळच्या दुकानात गेल्या. मागच्या हिरवळीवर दहाबारा ऑनिंग उभी करून ठेवलेली. दुकानाचा मालक ग्विलिम हात पुसत बाहेर आला.

"बोला, माप काय?"

"नऊशे पंच्याहत्तर!" नेस्तानं आईला तोंड उघडू दिलं नाही.

"शाब्बास! माझ्याकडं येणारे अर्धे पुरुष माप न घेताच येतात आणि मग गाडीचा रंग सांगत बसतात."

नेस्ता खुदकन हसली. मॉर्विद घाईनं म्हणाली, "ते नको आता. छोटं बघायचंय. दारापुरतं, हवा भरून उभं राहतं ते."

"हां, त्याला पूर्ण माप लागत नाही. जमिनीपासून खाचेपर्यंतची उंची जुळली की झालं. रुंदी अडीच मीटर घ्या, नाहीतर चार. मला विचाराल तर अडीचच. नेव्हिनचा वारा काही आपलं वय विचारून येत नाही. आणि फोनवर तुम्हीच म्हणालात ना मिसेस प्रिचर्ड, पुढच्या वर्षापासून एकटीनंच लावायचंय म्हणून."

नेस्ता आईकडं बघत होती.

"एकटी कोण?"

नेस्ता त्या छोट्या ऑनिंगभोवती एक फेरी मारून आली. "माझी खोली कुठं लागते याला?"

"याला बाजूची खोली नसते गं," ग्विलिमचा आवाज उतरला. आपण काय बोलून बसलो ते आता त्याला कळलं होतं.

नेस्तानं बूट काढून नीट जोडून ठेवले, आत गेली आणि गवतावर सरळ उताणी झोपली. हात अंगाशी, पाय जुळवलेले. "मावते मी. आई, बघ ना. खोली नको मला. अशीच झोपेन, कूस पण बदलणार नाही."

मॉर्विदला बघवेना. "चार मीटरचं दाखवता?" ती ग्विलिमला म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी, "नको. अडीचच द्या." तो बांधून द्यायला आत गेला, तो लवकर बाहेर आलाच नाही.

मोटारीत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. नेस्ता काचेतून बाहेर बघत ऐकत राहिली.

"किती रात्री?"

"रोज, बाळा. आता तिथंच राहायचं."

"मी खांब सोडला नव्हता, आई."

"नाही गं राणी! तुझं काही चुकलं नाही. चुकलंच असेल तर माझं. मी जाईन कधीतरी, आणि तेव्हा तू एकटी... मला ते नकोय."

सप्टेंबरात नेस्तानं आपली पेटी स्वतः भरली. पहिले दोन महिने ती फोनवर यायलाच तयार नसायची. तिथली बाई, कॅरिस, ओशाळून सांगायची, "आज नको म्हणतेय ती. बरी आहे, खातेपिते." मॉर्विद "बरं" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर हात तसाच फोनवर ठेवून बसायची.

पुढच्या जुलैत एका रविवारी मॉर्विद तिला नेव्हिनला घेऊन आली. छोटं ऑनिंग उभं होतं, त्यात दोन खुर्च्या दाटीवाटीनं मावत होत्या. दोघींनी व्हिनेगर घालून चिप्स खाल्ल्या. नेस्ता बारीक झाली होती. केस कापून घेतले होते, छान दिसत होते. ती पोर्थमॅडॉगच्या घरातल्या ह्यूविषयी बोलत होती. तो ओले टॉवेल कुठंही टाकतो म्हणे. मॉर्विदनं अंथरूण धुऊन, उन्हात वाळवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "राहतेस का आज? कॅरिसला कळवते मी."

नेस्तानं घड्याळ पाहिलं. "नको. मला घरी जायला हवं. आज भांडी घासायची पाळी माझी आहे."

'घरी' हा शब्द ती सहज बोलून गेली. मॉर्विदनं तोच शब्द ऐकायला मिळावा म्हणून वर्षभर देवाला साकडं घातलं होतं. आता तो कानावर पडला, तेव्हा ती उठली आणि वाळवलेल्या अंथरुणाची घडी घालायला लागली.

पोर्थमॅडॉगला पोहोचल्यावर नेस्तानं आईच्या गालाचा मुका घेतला आणि आत पळाली. उघड्या खिडकीतून तिचा आवाज आला, ती ह्यूला दटावत होती. कुणीतरी हसलं, नळ सुरू झाला. मॉर्विद फाटकाशी उभी राहिली. शेवटी शेजारच्या एका माणसानं विचारलं, "कुणाची वाट बघताय का?"

"नाही हो," ती म्हणाली, "निघालेच," आणि किल्ली शोधायला लागली.