फाटणारा फोम

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळवड्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये होतो. गाड्यांच्या सीटचा फोम कापणं हा माझा धंदा. मशीन बंद केलं आणि तिच्यासाठी अर्धवट कापलेल्या मालाकडे बघत उभा राहिलो...

ताई, म्हणजे डॉ. शालन, स्त्रीरोगतज्ज्ञ. वडिलांनी कंपनीत ओव्हरटाइम करकरून तिला शिकवलं. नोकरी संपल्यावर लोक नातवंडं खेळवतात; हिने चिंचवडच्या एका हॉस्पिटलात वर्ग काढला. दक्षिण सुदान, मलावीसारख्या गरीब देशांतल्या डॉक्टर मुली तिथे बाळंतपणातल्या शस्त्रक्रिया शिकायला येत. पेशंटला हात लावण्याआधी फोमवर टाके घालायचे, हा ताईचा नियम. फोम अर्थातच माझा, फुकट. त्याबदल्यात तिने मुलींना मला मामा म्हणायला शिकवलं.

पहिला माल मी मोठ्या झोकात पाठवला. चांगला चिवट. ताई तो स्वतः परत घेऊन आली.

"अरे, हा सीटला ठीक आहे. बाईचं अंग असं नसतं. धागा जोरात ओढला की फाटलं पाहिजे, तरच हात शिकेल."

जन्मभर न फाटणारा माल विकलेला मी फाटणारा फोम करायला बसलो. तिने इतके नमुने नापास केले की कंपनीचे इन्स्पेक्टर परवडले. वर्गातही तेच. टाके चालू असताना ती खुशाल दिवे घालवायची. मुली कुरकुरल्या की विचारायची, तुमच्याकडे लाइट सांगून जाते का?

ती गेली आणि हॉस्पिटलने वर्ग बंद करायचं ठरवलं. आता शिकवणार कोण, म्हणाले. मला राग आला.

मग दक्षिण सुदानमधून अचोलचा फोन आला. ताईची जुनी विद्यार्थिनी. ताई फोन उचलत नाही म्हणून तिने मला लावला होता. ऑपरेशनच्या मध्येच लाइट गेली, तिने मोबाइलच्या उजेडात टाके पुरे केले, आई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, हे तिला ताईला सांगायचं होतं. मी खरं काय ते सांगितलं... ती रडली. मी तर रडलोच.

मग म्हणाली, "मामा, माझ्याकडे तीन मुली शिकायला आल्या आहेत. आता मी शिकवते. फोम पाठवाल?"

अर्धवट राहिलेला माल मी पुन्हा मशीनवर घेतला. पहिला तुकडा निघाला तसा त्यात टाका घातला आणि धागा जोरात ओढला.

फाटला. पास.